लेकरांना पियानो वाजवू द्या, टाइप करायला लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पियानोच्या ग्रेड परीक्षेत चांगले मार्क पडलेल्या लातूरच्या लेकरांचे फोटो छापून आले होते, त्यात माझी एक विद्यार्थिनी पण होती, घरच्यांनी ते कात्रण फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. मला खूप आनंद झाला. पण फोटोखाली फक्त मार्क होते. ती काय वाजवते, तिला काय वाजवायला आवडतं ह्याची एक ओळ नव्हती, आणि ह्यात तुमचा तरी काय दोष, आम्ही क्लासवाले आणि आईवडीलच मार्काशिवाय दुसरं काही सांगत नाही तर तुम्ही छापणार काय. म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी 18 वर्षं झाली लातूरमध्ये घरीच पियानो आणि कीबोर्ड शिकवते. आपल्या गावाला परीक्षा कशी काढायची हे कुणी सांगायची गरज नाही, लातूर पॅटर्न म्हटलं की सगळा महाराष्ट्र ओळखतो, आणि त्यानं कितीतरी साध्या घरची लेकरं डॉक्टर इंजिनिअर झाली, त्याला मी नावं ठेवणार नाही. पेपर सोडवा, चुकलं ते परत सोडवा, परत सोडवा. गणिताला ते चालतं. पण तेच आम्ही पियानोला पण लावलं. ह्या परीक्षा लंडनच्या बोर्डांच्या असतात, त्यातल्या एका बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत 150 पैकी 90 मार्क तीन पीसचे म्हणजे ठरलेल्या रचनांचे, बाकी स्केल्स म्हणजे सुरांचे चढते-उतरते सराव, समोर ठेवलेलं नवीन नोटेशन बघून वाजवणं, आणि कानाची परीक्षा. 100 ला पास, 130 ला डिस्टिंक्शन. मग हिशोब सोपा होतो, वर्षभर तेच तीन पीस घासायचे. कानाच्या परीक्षेला 18च मार्क म्हणून ती शेवटच्या पंधरा दिवसांत उरकायची. ज्या कानावर सगळं गाणं उभं आहे त्याला आम्ही पंधरा दिवस देतो.

मी पण हेच केलंय हे आधी सांगते. पहिली सहासात वर्षं मी असंच शिकवलं आणि माझा रिझल्ट चांगला लागायचा. एक मुलगी होती, पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्याकडं, दरवर्षी डिस्टिंक्शन, बोटं इतकी स्वच्छ की मी बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायची. आता ती पुण्यात नोकरीला आहे. दोनतीन वर्षांपूर्वी दिवाळीत भेटायला आली, माझ्याकडचा पियानो उघडाच होता, मी म्हटलं वाजव की काहीतरी. ती बसली, हात ठेवले, आणि तशीच बसून राहिली. म्हणाली, "मॅडम, मला परीक्षेचे पीस सोडून काहीच येत नाही ओ, आणि ते पण आता विसरले." पाच वर्षं शिकलेलं लेकरू. साधी एक आरती बसवता येईना तिला, कुणाच्या वाढदिवसाला वाजवता येईना. तिनं काही तक्रार केली नाही, हसूनच सांगितलं, पण ती गेल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. तिला मी संगीत दिलंच नव्हतं, पाच परीक्षा दिल्या होत्या.

तोपर्यंत मी थोडंफार बदलले होते, पण खरं शिकवलं ते एका मुलानं. औसा तालुक्यातला, वारकरी घरातला, इथं मामाकडं राहून शाळा शिकायचा. कीबोर्डवर बसला की टकटक टकटक, सगळे सूर एका मापाचे, जसं कुणी अर्ज टाइप करायलंय. मी हजार वेळा सांगितलं, अरे जरा भाव आण, भाव आण. आता "भाव आण" म्हणजे नक्की काय करायचं हे त्या लेकराला कसं कळणार, मलाच धड सांगता येत नव्हतं. एक दिवस उन्हाळ्यात क्लास चालू असताना लाईट गेली, कीबोर्ड बंद. माझ्याकडं सासऱ्यांची जुनी पेटी होती ती काढली आणि म्हटलं ह्याच्यावर वाजवतोस का काही. त्यानं मांडी घातली, भाता धरला आणि गावच्या सप्ताहात ऐकलेली एका अभंगाची चाल वाजवली. मी बघतच राहिले. तोच मुलगा, तीच बोटं. ओळ सुरू होताना भाता हळू, मधे भरून आला, आणि ओळीच्या शेवटी हात आपोआप सैल पडायलेला, जसा गाणाऱ्याचा श्वास संपतो तसा. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, "कुणी नाही, बुवा म्हणतात तसंच वाजवायलोय की."

बुवा म्हणतात तसं! म्हणजे त्याच्या कानात एक गाणारा माणूस होता. कीबोर्डवर बसल्यावर मात्र कानात कुणीच नसायचं, समोर फक्त कागद असायचा. लाईट आल्यावर मी त्याला म्हटलं आता इथं भाता नाही, पण तुझ्या दंडाला आणि मनगटाला भाता समज, ओळ संपताना मनगट उचलून सोड, जसा तिथं हात सैल केलास तसा. एका तासात सगळं जमलं नाही, पण टकटक गेली.

ह्याच्यामागं पियानोच्या आतली गंमत पण आहे, आणि ती लेकरांना दाखवायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. इटलीत फ्लॉरेन्सला 1700 च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं हे वाद्य बनवलं. त्याच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड नावाच्या वाद्यात तार छेडली जायची, बोट हळू मारा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीनं छेडण्याऐवजी हातोडी बसवली आणि हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर मोठा आवाज निघायला लागला. नावच पडलं ते "पियानो ए फोर्ते", म्हणजे हळू आणि मोठा. वाद्याच्या नावातच लहानमोठा आवाज आहे, आणि आमची लेकरं ग्रेड 3 पर्यंत एकाच आवाजात वाजवतात! दुसरं म्हणजे, पट्टी दाबली की हातोडी शेवटी सुटते आणि मोकळी जाऊन तारेवर आदळते. एकदा आदळली की संपलं, आता तुम्ही पट्टी कितीही दाबून धरा, बोट कितीही हलवा, तो सूर मोठा होणार नाही, विरतच जाणार. पेटीत भाता वाढवून सूर फुलवता येतो, सनईत फुंक वाढवता येते, गळ्याचं तर बोलायलाच नको. पियानोला ते नाही. म्हणून सूर कसा पाहिजे ते वाजवायच्या आधी डोक्यात ऐकावं लागतं, आणि मागचा सूर जिथपर्यंत विरलाय तिथूनच पुढचा उचलावा लागतो, तरच ओळ गायल्यासारखी वाटते. हे समजल्यावर "भाव आण" असं मोघम सांगायची गरजच राहत नाही. मी आता लेकरांना एकच सूर दहा प्रकारे वाजवायला लावते. झोपलेल्या बाळाशेजारी वाजवतोस तसा, देवळातल्या घंटेसारखा, पलीकडच्या वाड्यातून ऐकू येतोय तसा. पाच मिनिटांचा खेळ आहे पण लेकरं वेडी होतात.

आणि गाऊन घेते. हे सगळ्यात महत्त्वाचं. नवीन पीस घेतला की आठवडाभर आधी तोंडानं म्हणायचा, सारेगमच्या अक्षरांनी म्हणा, नुसतं ला ला म्हणा, बेसूर झालं तरी चालेल. श्वास कुठं घेतला तिथं पेन्सिलीनं कागदावर खूण. मग हात लावायचा. गायला लाजणारी मुलं असतात, विशेष करून आठवीनववीची पोरं, त्यांना मी गुणगुणायला सांगते. काही पालक म्हणतात मॅडम आम्ही पियानोला पाठवलंय, गायनाला नाही. त्यांना मी सांगते की शोपाँसारखा पियानोचा एवढा मोठा उस्ताद, तो पण शिष्यांना सांगायचा की चांगल्या गायकांना ऐका आणि गायला शिका. आपल्याकडं तर हे नवीन पण नाही, पेटीवाला गाणाऱ्याच्या मागं बसूनच मोठा होतो.

दोन्ही हातांचं असंच. नवशिक्या लेकराचे दोन्ही हात सारखेच जोरात चालतात आणि मुख्य चाल डाव्या हाताखाली बुडून जाते. "लेफ्ट हँड सॉफ्ट" हे इंग्रजीत शंभर वेळा सांगून उपयोग होत नाही. मी म्हणते, उजवा हात गाणारे बुवा, डावा हात पखवाज. पखवाजवाला बुवांपेक्षा जोरात वाजवायला लागला तर मंडपातली म्हातारी माणसं काय म्हणतील? लगेच कळतं, कारण आपल्याकडच्या लेकरांनी सप्ताह बघितलेला असतो. आणि जरा मोठी झाली की लय कशी लवचिक करायची ते पण ह्याच वाटेनं समजतं. बुवा एखादा शब्द ओढतात, थांबतात, ठेका मात्र तिथंच असतो, आणि समेवर दोघं बरोबर भेटतात. शोपाँ पण असंच सांगायचा, डावा हात तालात पक्का आणि उजवा मोकळा. मुंबईपुण्याचे शिक्षक ह्याला रुबातो म्हणतात आणि मोठ्या मुलांना शिकवतात, आपल्या सातवीच्या पोरांना ते कीर्तनामुळं आधीच माहीत असतं, फक्त कुणी सांगितलेलं नसतं की बाबा हे तेच आहे.

आता एक पीसबद्दल सांगते, माझा फार लाडका. जर्मनीत शूमान नावाचा संगीतकार होता, 1848 मध्ये त्यानं आपल्या मोठ्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाला छोटे छोटे पीस लिहून दिले, आणि त्यातूनच पुढं मुलांसाठी 43 पीसचं पुस्तक झालं. त्यात एक आहे, काम आटोपून घरी परतणारा आनंदी शेतकरी. त्याची गंमत म्हणजे चाल डाव्या हातात आहे, खालच्या जाड आवाजात, बाप्यामाणसाच्या आवाजासारखी, आणि उजवा हात साथ करतो. एका मुलीला मी हा पीस दिला, तिचे वडील शेती करतात, थोडीशीच जमीन. ती तो इतका हळू आणि जड वाजवायली की मी विचारलं, अगं आनंदी शेतकरी आहे ना हा. तर म्हणाली, "आमचे बाबा असेच येतात, मॅडम." मला काय बोलावं कळेना. थोड्या वेळानं मी विचारलं, कधी खुशीत आले होते का? ती विचार करून म्हणाली, एकदा सोयाबीनला चांगला भाव लागला तेव्हा आडतीवरून येताना बत्तासे आणले होते, आणि गेटापासूनच हाक मारत आले. मग म्हटलं तेच वाजव, गेटापासून हाक मारत येणारे बाबा. आणि तिनं जे वाजवलं ना, डावा हात असा उठून आला! कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही की इथं बत्तासे आठवा. पण शूमाननं जर्मनीतल्या शेतकऱ्यावर लिहिलेला पीस लातूर तालुक्यातल्या एका लेकराच्या घरी पोचला, आणि मला वाटतं ह्यालाच कलात्मक वाजवणं म्हणतात, निदान मी तरी म्हणते.

उलट उदाहरण म्हणजे बीथोवन ह्या जर्मन संगीतकाराचा फर एलिस हा पीस. प्रत्येक लेकराला तो पाहिजेच असतो, पाहुणे आले की आई म्हणते ते मोबाईलच्या रिंगटोनचं वाजव. वाजवू दे, चांगलीच गोष्ट आहे, पण सगळे पहिल्याच सुरापासून धडाधडा सुरू होतात. बीथोवननं 1810 मध्ये तो लिहिला तेव्हा सुरुवातीलाच अतिशय हळू आवाजात अशी खूण केलेली आहे, आणि तो छापला गेला 1867 ला, बीथोवन जाऊन 40 वर्षं झाल्यावर. मी लेकरांना सांगते, इतकी वर्षं कुठंतरी कागदात दडून राहिलेली चाल आहे ही, हळूच उघडा.

सगळं परदेशीच कशाला असं पण लोक विचारतात, पियानो आपला आहे का? अहो पेटी तरी कुठं आपली होती, ती पण 19 व्या शतकात युरोपातून आली, आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही म्हणून 1940 पासून तीसेक वर्षं आकाशवाणीनं तिला बाहेर ठेवलं होतं. आज पेटीशिवाय एक भजन होत नाही. पियानोवर पण मींड येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, पण तंतोतंत लागत नाहीत, हे मान्य. पण जे येतं ते किती आहे बघा. पियानोच्या 88 पट्ट्यांत 36 काळ्या, आणि फक्त काळ्या वाजवल्या तर पाचच सूर होतात. काळी तीन (तीनच्या गटातली पहिली) सा धरून वर जा, भूप राग. तेच पाच सूर, काळी एक (दोनच्या जोडीतली पहिली) सा धरा, दुर्गा. काळी पाच (तीनच्या गटातली शेवटची) सा धरा, मालकंस. पट्ट्या त्याच, घर बदललं की राग बदलला! पहिल्या महिन्यातल्या लेकराला मी डाव्या हातात सा आणि पा धरायला सांगते (मालकंसात पा नाही, तिथं सा आणि मा) आणि म्हणते उजव्या हातानं काळ्यांवर पाहिजे ते वाजव, काही चुकणारच नाही. नोटेशन नाही, काही नाही. ज्या लेकराला पहिल्याच महिन्यात स्वतःचं काहीतरी वाजवल्याचा आनंद मिळतो ते पुढं स्केल्सचा कंटाळा पण सहन करतं, हा माझा अनुभव आहे. नुसत्या स्केल्सपासून सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत अर्धी गळतात.

वाद्याबद्दल पालक फार विचारतात म्हणून थोडक्यात. खरा लाकडी पियानो आपल्याकडं सांभाळणं अवघड, आत 200 च्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा, आणि आपला मे महिना आणि जुलै ह्यात हवेचा एवढा फरक की लाकूड सारखं कमीजास्त होतं, सूर उतरतात, ट्यूनर बाहेरगावाहून बोलवावा लागतो. माझाच मी कसाबसा सांभाळते. त्यामुळं डिजिटल घ्या, पण घेताना एवढं बघा की हळू दाबल्यावर हळू आणि जोरात दाबल्यावर मोठा आवाज येतो का, त्याला टच सेन्सिटिव्ह म्हणतात. ते नसेल तर लेकरू कितीही भावानं वाजवू दे, आवाज एकच येणार, आणि मग आपणच म्हणणार की ह्याच्या वाजवण्यात जीव नाही. दोनशे रिदम आणि पाचशे आवाज नसले तरी चालतं. पैसे असतील तर वजनदार पट्ट्यांचा 88 चा घ्या, नसतील तर 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर पण तीनचार वर्षं मजेत निघतात.

पालकांना हात जोडून एक मागणं आहे. लेकरू घरी वाजवत असताना स्वयंपाकघरातून "चुकलं, परत घे" ओरडू नका. तिथं जाऊन पाच मिनिटं बसा. सगळ्यात छान कुठलं वाटलं तेवढं सांगा, "ते मधलं परत वाजव ना" एवढं म्हटलं तरी त्याला दहा दिवस पुरतं. आणि ट्यूशनच्या चार बॅच करून रात्री दहाला पियानोवर बसवू नका, पेंगलेल्या लेकराला काय ऐकू येणार. 20 मिनिटं बास, पण कान उघडे पाहिजेत. आणि लेकरांना ऐकायला न्या. आपल्या मराठवाड्यात ऐकायला काय कमी आहे, तुळजापूरला माहूरला संबळ ऐका, गावचं भारूड ऐका, गाण्याची मैफल असेल तर मागच्या रांगेत का होईना बसवा. एका मुलाला संबळ ऐकून आल्यावर डाव्या हाताचा एक अवघड ठेका आपोआप जमला, जो मी महिनाभर एक दोन तीन चार म्हणून शिकवत होते.

परीक्षा बंद करा असं मी म्हणत नाही. माझी पण लेकरं बसतात, ज्यांना आवडतं ते बसतात, परीक्षेमुळं शिस्त लागते आणि नोटेशन वाचायला येतं हे खरंय. पण आता माझा नियम आहे, परीक्षेच्या तीन पीसबरोबर वर्षात किमान 12 सोपे पीस परीक्षेबाहेरचे, एक कानानं बसवलेलं गाणं, आणि एक स्वतः रचलेलं. ह्यामुळं काहींचे मार्क दोनचारनं कमी आले, दोन पालकांनी लेकरं काढून दुसऱ्या क्लासला घातली, तिथं रिझल्ट चांगला लागतो म्हणून. वाईट वाटलं. पण दहावी झाल्यावर पण वाजवणारी मुलं आता माझ्याकडं आहेत, पूर्वी एक पण नव्हती.

महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी आम्ही माझ्या घरी सतरंजी टाकून बसतो. स्पर्धा नाही, नंबर नाही, स्टेज नाही. ज्याला वाजवायचंय त्यानं वाजवायचं, चुकलं तर थांबायचं नाही, आणि वाजवायच्या आधी ह्यात मला काय दिसतं ते एका वाक्यात सांगायचं. आजीआजोबा येतात. मागच्या वेळी एका आजीनं नातवाचं वाजवणं ऐकून जात्यावरची ओवी म्हटली, आणि नातवानं ती तिथंच पट्ट्या शोधत शोधत वाजवून दाखवली, दोन सूर चुकले, आजी म्हणाली "आसंच हाय, आसंच हाय."

संपादक साहेब, तुमच्याकडं एवढंच मागते की पुढच्या वेळी लेकरांच्या निकालाची बातमी छापाल तेव्हा मार्काशेजारी एक ओळ वाढवा, हे लेकरू सध्या आपल्या मनानं काय वाजवतं. आणि पुढच्या रविवारच्या बसण्याला तुमचा वार्ताहर पाठवता आला तर बघा, औश्याचा तो मुलगा आता अकरावीला आहे, तो ह्या वेळी त्याच अभंगाची चाल पियानोवर दोन्ही हातांनी वाजवणार आहे.

आपली,
एक पियानो शिक्षिका, लातूर